अम्मीची लिंबोणी

माझी अम्मी वजूला बसायची ती अंगणातल्या लिंबोणीच्या बुंध्याशी. हातपाय धुतलेलं पाणी झाडाला जायचं. आमच्या नळाला पाणी दिवसाआड यायचं. पण लिंबोणी कधी सुकली नाही.

शहराच्या सांडपाण्याचं इतकं सोपं नसतं. ते आधी शुद्ध करावं लागतं. नागपुरात भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारा प्रकल्प आहे. ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. तेवढं धरणाचं पाणी पिण्याला आणि शेतीला उरतं.

तरी 'गटाराचं पाणी' म्हटलं की नाकं मुरडतात. आमच्या मोहल्ल्यात बागेसाठी असं पाणी घ्यायची गोष्ट निघाली, तेव्हा मीही कचरलो. पाक की नापाक? मग वाचनात आलं, की सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांनी १९७८ सालीच निर्वाळा दिला होता. रंग, चव आणि वास यांत घाणीचा मागमूस उरला नाही, तर पाणी पाक. अट एकच, शुद्धीकरण चोख हवं. अर्धवट शुद्ध केलेलं पाणी भाजीवर गेलं, तर रोगराईच पिकेल.

अम्मी आता नाही. लिंबोणी आहे. मी तिथंच वजूला बसतो.