सुट्टीतला घड्याळांचा शोध
(उत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या उत्सवात दरवर्षी कुणी आरोग्यावर बोलतं, कुणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा कार्यकर्त्यांनी सांगितलं, "तुमच्या छंदावर बोला." मी काही वक्ता नाही. राज्य सरकारच्या नोकरीत आहे, शिक्षण मेकॅनिकलच्या डिप्लोमापर्यंत. पण सुट्टीत फिरायला गेलो की जुनी, चावीची मनगटी घड्याळं शोधायची, हा माझा पंधरा-सोळा वर्षांचा नाद. त्यावर थोडं बोलू शकेन. नंतर आरती आहे, हे माझ्या लक्षात आहे.

आमच्या घरी सहलीचा एक नियम ठरला आहे. देवदर्शन, बाग, समुद्र, खरेदी हे सगळ्यांचं. त्यातले दीड तास फक्त माझे. त्या वेळात मी त्या गावच्या जुन्या बाजारात जातो, नाहीतर एखाद्या वयस्कर घड्याळजींच्या दुकानात बसतो. सौभाग्यवतींची अट एकच, बंद घड्याळ घरात आणायचं नाही. ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता कुठे शोधायचं? मुंबईला गेलात तर भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार. तिथल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. शुक्रवारी ती बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार मांडतात. पुण्यात मंगळवार पेठेकडचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अहमदाबादची गुजरी रविवारची. पूर्वी ती एलिस ब्रिजखाली भरायची, आता साबरमती रिव्हरफ्रंटवर तिला बांधीव जागा मिळाली आहे.

चौथी जागा आपल्या सगळ्यांच्या वाटेवरची. उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीने आपण दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जातो. नंदुरबार घ्या, दोंडाईचा घ्या, अमळनेर घ्या. बाजारपेठेत कुठेतरी काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसलेले एखादे घड्याळजी अजून सापडतात. त्यांच्या खणात दुरुस्तीला टाकलेली आणि कुणीच परत न्यायला न आलेली घड्याळं असतात. चोरबाजारापेक्षा मला तो खण जास्त आवडतो, कारण तिथे घासाघीस कमी आणि गप्पा जास्त होतात.

सापडतं काय? सगळ्यात जुन्यांत 'वेस्ट एंड वॉच कंपनी'ची घड्याळं. माल स्वित्झर्लंडचा, पण १८८६ पासून हे नाव आपल्याकडच्या बाजारात आहे. त्यांचं 'सोवार' फार प्रसिद्ध. सोवार म्हणजे आपला घोडेस्वार, लष्करातला स्वार. फौजेत आणि रेल्वेत ही घड्याळं खूप चालली. दुसरं नाव 'फावर ल्यूबा'चं. तीही स्विस कंपनी, मुंबईत १८६५ पासून. तिचं 'सी किंग' ज्यांच्या मनगटावर होतं, ते गृहस्थ बाही जरा वरच ठेवायचे, असं आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय.

पण आपल्यासारख्यांच्या घरातलं घड्याळ म्हणजे एच.एम.टी. १९६१ साली हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग इथेही कारखाने झाले. नावं बघा कशी होती: जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन. कांचनला तर चावी द्यावी लागत नसे, हाताच्या हालचालीने ते आपोआप भरायचं. लग्नात जावईबापूंना ते मिळालं की मांडवभर चर्चा. अंध व्यक्तींसाठी हाताने चाचपून वेळ कळेल अशी ब्रेल घड्याळंही या कारखान्याने केली. आणि 'जनता'चा एक प्रकार असा होता की तबकडीवर नाव देवनागरीत आणि आकडेही १, २, ३ असे आपले. तसं अस्सल घड्याळ बाजारात दिसलं तर हातचं सोडू नका.

१९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं स्वस्त आणि बारीक झाली, आणि चावीचं घड्याळ मागे पडलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. 

मुलं विचारतात, "काका, मोबाइलवर वेळ दिसते, मग हे कशाला?" त्यांना मी मागचं झाकण उघडून दाखवतो. चावी दिली की आतली कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना चाकं फिरवते. सगळी ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी एक छोटं चाक मागे-पुढे झोके घेत असतं, आपण त्याला बॅलन्स म्हणतो. जनतासारख्या घड्याळात ते सेकंदाला ५ ठोके देतं. तासाला १८,००० झाले, दिवसाला ४,३२,०००. तबकडीवर '१७ ज्वेल' लिहिलेलं असतं, ते सोन्याचांदीच्या हिशेबातले हिरे-माणकं नव्हेत. कारखान्यात तयार केलेले माणकाचे बारीक खडे असतात, आस झिजू नये म्हणून बेअरिंगसारखे बसवलेले. चाळीस-पन्नास वर्षांनी साफ करून तेल घातलं तर असं घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या फरकाने चालू शकतं. ८६,४०० सेकंदांत ३० सेकंदांची चूक! आमच्या कचेरीच्या वेळेतही एवढा काटेकोरपणा नाही, हे इथे घरच्यांत सांगायला हरकत नाही.

आता सावधगिरीचं. बाजारात एच.एम.टी. म्हणून जे लाल, हिरवं, केशरी चकचकीत तबकडीचं घड्याळ मिळतं, त्यातली पुष्कळशी तबकडी पुसून पुन्हा रंगवलेली असतात. काटे एकाचे, यंत्र दुसऱ्याचं, झाकण तिसऱ्याचं. जगभरचे शौकीन अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. ओळखायचं कसं? अक्षरं भिंगातून बघा. कारखान्याची छपाई रेघेसारखी स्वच्छ असते, नंतरची फुगीर किंवा वाकडी दिसते. मिनिटांच्या खुणा आकड्यांशी जुळतात का बघा. केस घासून झिजलेली आणि तबकडी मात्र कोरी करकरीत असेल तर शंका घ्या. चावी हलक्या हाताने चार-पाच फेरे द्या आणि घड्याळ कानाला लावा. ठोका एकसारखा हवा, लंगडता नको. डागाळलेली, पिवळी पडलेली तबकडी दिसली तर नाक मुरडू नका. ती खरी असण्याचा संभव जास्त.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक एच.एम.टी. मिळालं. मागच्या झाकणावर कोरलं होतं, 'विवाहप्रसंगी सप्रेम भेट', खाली नाव आणि १९७६ साल. नाव मी इथे सांगत नाही. विक्रेत्याला विचारलं, "हे कुठून आलं?" तो म्हणाला, "कुणीतरी घर खाली केलं साहेब, कपाटासकट आलं. माल पोत्यात येतो, पत्ता नाही येत." मी ते घेतलं. आजही छान चालतं. पण ते कुणी दिलं, ज्याला दिलं तो कोण होता, त्याने ते घालून काय काय पाहिलं, यातलं एक अक्षर मला माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही.

दुसरं घड्याळ आपल्या गल्लीतलं. एक आजी आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगतो. पोटमाळा आवरताना त्यांच्या डब्यातून आजोबांचं 'जनता' निघालं. आजी म्हणाल्या, "बंद पडेल शे, भो. भंगारवाल्याला देऊन टाक." मी ते घड्याळजींकडे नेलं. तेल वाळलेलं होतं आणि कमान तुटलेली होती. साडेतीनशे रुपयांत ते चालू झालं. आजींच्या हातात दिलं, त्यांनी कानाला लावलं आणि मग त्या तासभर बोलत होत्या. आजोबा शिंदखेड्याकडून सुरतेला आले ते एका पिशवीनिशी. लूम्सवर सात ते सात पाळी. पहिल्या काही पगारांतून वाचवून हे घड्याळ घेतलं, कारण पाळीला उशीर झाला तर खाडा पडायचा. ते दोनदा गहाण पडलं. एकदा गावाकडचं आजारपण आलं म्हणून, एकदा मोठ्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी. दोन्ही वेळा आजोबांनी ते सोडवून आणलं. तो मोठा मुलगा समोरच बसला होता. आज त्याचं वय पन्नाशीच्या पुढे आहे. आपली फी घड्याळावर भरली गेली, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मंडळी, दोन्ही घड्याळं एकाच कारखान्याची. बाजारात कदाचित भावही सारखाच येईल. फरक एवढाच की दुसऱ्याजवळ सांगणारं माणूस अजून बसलेलं होतं.

आपल्या सुरतेत याचं एक मोठं उदाहरण उभं आहे. झांपाबाजारातला घड्याळाचा मनोरा १८७१ साली एका पारशी गृहस्थांनी, बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांनी, वडिलांच्या स्मरणार्थ बांधला. आपल्याला मनोरा बांधणं परवडणार नाही. पण वडिलांचं मनगटी घड्याळ नीट ठेवणं तर परवडेल?

गोडादरा, लिंबायत, उधना या भागात आपली पहिली पिढी आता थकली आहे. खोल्या जाऊन फ्लॅट झाले, भावांच्या वाटण्या झाल्या, दर दिवाळीला साफसफाईत एकेक डबा बाहेर जातो. त्यात पुन्हा आपल्याकडे समजूत, की बंद घड्याळ घरात ठेवू नये, अशुभ असतं. मी कुणाच्या श्रद्धेला बोट लावत नाही. आमच्या घरीही ती अट आहेच, आणि म्हणून माझ्याकडचं प्रत्येक घड्याळ चालू आहे. बंद घड्याळ नको असेल तर ते चालू करून घ्या. फेकून देणं हा त्यावरचा एकच उपाय नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, घरात जुनं घड्याळ असेल तर कोरडं असताना जोर लावून चावी देऊ नका, आधी जाणत्याकडून साफ करून घ्या आणि तबकडी रंगवू देऊ नका. दुसरी, ज्यांचं ते घड्याळ आहे त्यांना किंवा त्यांच्या माणसाला आजच विचारा: कधी घेतलं, कुठून, कोणत्या पैशांतून? उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती घड्याळाबरोबर डब्यात ठेवा. तिसरी, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, आरतीनंतर, मी इथेच टेबल टाकून भिंग घेऊन बसणार आहे. घड्याळ आणा, शक्य असेल तर आजी-आजोबांनाही आणा. मी झाकण उघडून आतलं बघून देईन. पैसे नाहीत, चहा मात्र तुमच्याकडून.

आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तर जुन्या बाजारात जरूर चक्कर मारा. निघण्याआधी तेवढं घरचं कपाट बघून जा.

पुजारीकाका खुणावत आहेत, म्हणून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!