कावळा बसला आणि फांदी मोडली



काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा कॉम्प्युटर असतो. आपण हौसेनं त्यात एखादा नवा भाग बसवतो, बटण दाबतो, आणि तो धड सुरूच होत नाही. अशा वेळी पोटात कसा गोळा येतो, ते मी अनुभवलं आहे. शिवाय तो कॉम्प्युटर माझा नव्हता, गावाच्या वाचनालयाचा होता.

गोष्ट २०१४ सालच्या मे महिन्यातली. आमच्या वाचनालयात पुस्तकांची सगळी नोंद एका कॉम्प्युटरवर होती. नऊ हजारांच्या वर पुस्तकं. आमच्या ग्रंथपाल बाईंनी अडीच वर्षं खपून, एकेक कार्ड समोर ठेवून ती नोंद केली होती. यंत्र जुनं, फार संथ झालेलं. नवं घ्यायला पैसे नव्हते. मी कार्यकारिणीत होतो. सभेत म्हणालो, "नवं कशाला? दोन जीबीची रॅम वाढवू. मी स्वतः बसवतो."

त्याच सुमारास वाचनालयाला रंग द्यायचा होता. चार दिवस कॉम्प्युटरचा प्लग काढून तो कोपऱ्यात चादरीखाली ठेवला होता. रंग वाळला, आणि मी रॅम बसवायला बसलो. बाई शेजारी उभ्या होत्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. आतून लांब लांब 'बीप' ऐकू यायला लागले.

या आवाजाबद्दल थोडं सांगतो. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून ही पद्धत आहे. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. पडदा लागण्याआधीच काही बिघडलेलं दिसलं, तर यंत्राला आवाजाशिवाय दुसरी भाषा नसते. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्या बोर्डावर लांब, पुन्हा पुन्हा येणारा बीप म्हणजे रॅमची तक्रार.

प्लग काढला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलकेच पुसल्या आणि दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक्' करून बसेपर्यंत ती दाबली. माझी पहिली चूक तीच होती, रॅम अर्धवट बसली होती. आता चित्र आलं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि खाली लिहिलं होतं, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. मी दाबलं. विंडोजचं चिन्ह दिसलं, क्षणभर निळा पडदा चमकला, आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा चिन्ह, पुन्हा निळा पडदा. हे चक्र थांबेचना.

बाजारपेठेतल्या एका दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्यानं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारून नवीन टाकावी लागेल."

बाईंनी विचारलं, "आणि नोंदी?"

"बॅकअप असेल ना?"

बॅकअप होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी जुन्या कार्डांची खणपेटी उघडली आणि कार्डांवरची धूळ झटकायला लागल्या. त्यांनी रागावलेलं मला परवडलं असतं. मी त्या मुलाला म्हटलं, "उद्या सांगतो."

त्याच वेळी आमचे एक जुने वाचक पुस्तक परत करायला आले. गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. सगळी कथा ऐकून ते म्हणाले, "बिघाड कधी सुरू झाला? रॅम घातल्यावर ना? मग ती काढा. आधी होतं तसं करून बघा. आमच्या धंद्यात पहिला नियम तोच."

रॅम काढली. जुन्याच भागांवर कॉम्प्युटर सुरू केला. माझं बोट सवयीनं एफ-वनकडे गेलं.

"थांबा," मास्तर म्हणाले, "ते काय लिहिलंय, वाचा तरी."

लिहिलं होतं, 'सीमॉस चेकसम एरर, डीफॉल्ट्स लोडेड'. दुपारपासून यंत्र मला हेच सांगत होतं, आणि मी न वाचता एफ-वन दाबत होतो! मग डिलीटचं बटण दाबून आम्ही बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर गेलो. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९.

मास्तर हसले. "अहो, याचं घड्याळ बंद पडलंय. आत सेल कुठे आहे?"

सेल होता. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा, तीन व्होल्टचा, सीआर-२०३२ नावाचा. १९८४ च्या आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरपासून घड्याळ आणि मूळ सेटिंग जपण्यासाठी आत बॅटरी देण्याची पद्धत रूढ झाली. प्लग लावलेला असतो तोवर सेलवर फारसा भार नसतो, म्हणून तो मेला तरी कुणाला कळत नाही. आमचा सेल कधीचाच संपला असणार. रंगकामासाठी प्लग काढला आणि यंत्र आपली सगळी सेटिंग विसरलं.

नवा सेल घातला, तारीख लावली. पण निळा पडदा काही जाईना. तेव्हा मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, विंडोज सुरू होताना एफ-८ दाब. आपोआप रीस्टार्ट होऊ नये, असा एक पर्याय येईल तो निवड, आणि निळ्या पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा वाचून दाखव." आकड्याच्या शेवटी ७बी होतं. "म्हणजे विंडोज आहे जागेवरच, तिला हार्ड डिस्क सापडत नाहीये. बायोसमध्ये सॅटाचा मोड बघ."

हार्ड डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती तिथे होत्या, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज एक्सपीला नवी पद्धत उपजत येत नसे, म्हणून त्या काळी पुष्कळ जण आयडीई ठेवून देत. आमच्या यंत्रातही तसंच ठेवलेलं होतं. पुढे विंडोज सेव्हन टाकली, तीही त्याच पद्धतीवर. सेल संपला आणि बोर्डानं स्वतःची मूळ निवड, एएचसीआय, परत लावली. विंडोज आयडीईनं हाक मारत होती आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.

मोड बदलला, कॉम्प्युटर सुरू केला. नऊ हजार नोंदी जशाच्या तशा! बाईंनी पहिलं काम केलं ते पेन ड्राइव्ह लावण्याचं. नंतरच आम्ही नवी रॅम परत बसवली. ती निर्दोष होती.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला झोडपतो. नवा भाग घातल्यावर बिघाड झाला तर संशय त्याच्यावर जाणारच, आणि तो काढून पाहायलाही हवा. पण काढल्यावरही बिघाड राहिला, तर पुढचा प्रश्न विचारायचा: त्या दिवशी आणखी काय बदललं? आम्ही 'काही नाही' म्हणत होतो. चार दिवस प्लग काढला होता, हे आम्ही बदलात धरलंच नव्हतं.

तेव्हापासून वाचनालयात कॉम्प्युटरशेजारी एक वही टांगलेली आहे. काय बदललं, कोणत्या तारखेला, पडद्यावर काय आलं, सगळं तिच्यात लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि आत हात घालण्याआधी नोंदींची प्रत काढायची, प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची.

आजची यंत्रं बदलली आहेत, पण गोष्ट तीच. डीडीआर-५ प्रकारची नवी रॅम घातली, की पहिल्यांदा सुरू होताना काही यंत्रं कित्येक मिनिटं पडदा काळाच ठेवतात; तेव्हा ती रॅमशी जुळवून घेत असतात. घाबरून बटण बंद करू नका. पुष्कळ विंडोज कॉम्प्युटरवर डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते. मदरबोर्ड किंवा बायोसमध्ये बदल झाला, की ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. ती नसली, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही हाती लागत नाही.

आणि कुणी 'फॉरमॅट मारू' म्हणालं, तर एक रात्र थांबा. तो शेवटचा उपाय आहे. मी त्या दुपारी 'हो' म्हणालो असतो, तर एका छोट्या सेलपायी बाईंची आठ महिन्यांची मेहनत पुसली गेली असती, आणि आम्ही जन्मभर दोष रॅमला देत राहिलो असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)