शब्दशक्तीची कसोटी

मन वळविणारे लेखन म्हणजे विशेषणांचा भडिमार, असा समज आज रूढ आहे. आपल्या साहित्यशास्त्राने मात्र शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या. अभिधा सरळ अर्थ सांगते. तो जुळेनासा झाला की लक्षणा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देते. व्यंजना न बोललेले सुचविते.

१८९७ साली ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ अभिधेने हा साधा प्रश्न. उत्तर लेखकाने दिलेच नाही; ते वाचकाच्या मनात उमटले. सुरामुळे अर्थ पालटणाऱ्या अशा वचनाला काकुवक्रोक्ती म्हणतात. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहजी सोडीत नाही, हेच तिचे सामर्थ्य.

जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या सामर्थ्याची कसोटी लागली. लोकमान्यांचे मराठी लेख ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतरातून आले. भाषांतराने मूळ अर्थ विपरीत केला, हे त्यांनी एकेका शब्दाची फोड करून मांडले. ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले. शिक्षा सहा वर्षांची. परळ-लालबागच्या गिरणगावाने सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले. अलंकारांची नावे कामगारांना ठाऊक असोत वा नसोत, अर्थ पोहोचला होता.

लिहिणाऱ्याने मात्र ती नावे जाणली पाहिजेत. कारण व्यंजनेने असत्यही सुचविता येते. म्हणून लेखणी ठेवताना एवढे विचारावे: जे सुचविले, ते उघड बोलून त्याची किंमत मोजण्याची तयारी आहे काय?