जमिनीतली टाकी आणि आपली विहीर

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीच्या खरेदीवर झालं. आता माझा विषय ऐकून मागच्या रांगेत कुजबुज झाली. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या, त्यांचे नियम, आणि उदाहरण कुठलं तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचं! पऱ्हाटीवाल्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो विहिरीचा आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात तीन सरकारी तेल कंपन्यांनी देशभर नव्या पंपांसाठी जाहिरात काढली. पहिल्याच फेरीत ५५,००० च्या वर ठिकाणं होती. त्यात खेड्यातल्या रस्त्यांवरची ठिकाणंही होती. आपल्यातल्या कित्येकांच्या पोरांनी अर्ज भरले. रस्त्याला लागून शेत आहे, पीक परवडत नाही, जागा पंपाला दिली तर महिन्याला चार पैसे येतील, हा हिशेब चुकीचा नाही. पंप नको असं सांगायला मी उभा नाही. पंपाखाली काय पुरतात आणि ते फुटलं तर कोणाचं नुकसान होतं, एवढंच सांगायचं आहे.

पंपाखाली पोलादी टाक्या असतात. एकेकीत हजारो लिटर पेट्रोल किंवा डिझेल मावतं. टाकीपासून यंत्रापर्यंत जमिनीतूनच नळ्या जातात. पोलाद ओल्या जमिनीत गंजतं, हे नांगराचा फाळ बांधावर विसरलेल्या माणसाला सांगायला नको. बाहेरून लेप देतात, गंज रोखायचे उपाय करतात. तरी वर्षं उलटली की कुठंतरी सांधा सैल होतो, कुठंतरी टाचणीएवढं भोक पडतं.

भोक लहान असलं म्हणजे नुकसान लहान, असं समजू नका. हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळाला, तर दिवसाला ४ लिटरच्या वर जातं. वर्षाला दीड हजार लिटर. हे पंपावर कळेल का? पंपावर रोज सकाळी टाकीत काठी घालून उंची मोजतात. टाकी अर्धी भरलेली असेल तर काठीवरच्या एका मिलिमीटरला दहा-बारा लिटर माल असतो. म्हणजे दिवसाची गळती अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ज्या पंपाचा खप महिन्याला एक लाख लिटर आहे, तो दिवसाला ३,३०० लिटर विकतो. त्यात ४ लिटरची तूट उन्हात उडाली म्हणून सहज खपून जाते. काठीला मोठं भोक सापडतं, थेंब सापडत नाही. थेंब सापडायला टाकीत सतत मोजणारं यंत्र लागतं, ठरलेल्या मुदतीनं टाकीची आणि नळ्यांची दाबाची चाचणी लागते. दुहेरी भिंतीची टाकी असेल तर दोन भिंतींच्या मधली पोकळी तपासावी लागते.

आता हा थेंब जातो कुठं? आपल्याखाली काळा दगड आहे, बेसाल्ट. वर माती, मग मुरूम, मग फुटलेला दगड. पाणी या मुरमातून आणि भेगांतून चालतं. विहिरीला ज्या बाजूनं झरा येतो, त्याच वाटेनं तेलही येतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. पण त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो आणि डोळ्याला दिसत नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचा द्रव असतो. त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आजच्या भारत स्टेज ६ च्या पेट्रोलमध्ये ते शेकडा एक भागापर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेंझिन नको. कागदावर गणित मांडलं तर एक लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाखांहून अधिक लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नासवायला पुरतं. २० फूट व्यासाच्या विहिरीत १६ फूट पाणी असेल, तर ते दीड लाख लिटरच्या आतच भरतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलला पाच-सहा विहिरी. सगळं बेंझिन विहिरीपर्यंत पोचत नाही, वाटेत काही उडतं, काही जमिनीतले जीवाणू खातात. तरी प्रमाण केवढं आहे ते ध्यानात घ्या.

आता ठाण्याकडे वळू. तिथं पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. एका बाजूला खाडी, दुसरीकडे उल्हास नदी. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. अशा ठिकाणी जमिनीतलं पाणी पावसाळ्यात टाकीच्या वर येतं. टाकी रिकामी असेल तर खालचं पाणी तिला उचलायला बघतं, म्हणून ती काँक्रीटला जखडावी लागते. आणि भोक पडलं तर पाणी टाकीत शिरतं. तसं झालं तर ते लपत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं आणि गाड्या बंद पडतात. दुसऱ्या दिवशी पंपावर गर्दी, तक्रार, आरडाओरडा. म्हणजे भोकाची बातमी गिऱ्हाईकच देतं.

आपल्याकडे उलटं आहे. आठ महिने जमीन कोरडी, पाण्याची पातळी टाकीच्या कितीतरी खाली. भोक पडलं तर माल खाली उतरतो आणि वरची गाडी छान चालते. कोणी ओरडत नाही. बातमी येते ती विहिरीच्या पाण्याला वास आल्यावर. त्यातून आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घराच्या भिंती ती चिरते हे आपण बघतो. जमिनीतल्या नळीचे सांधे ती सोडेल का? ओली चिकण माती पोलादाला गंजही लवकर आणते. पंपाच्या टाकीला कापसाची जमीन सोपी नाही, हे कृषिशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मी तुम्हाला सांगतो.

आता नियम बघू. मूळ कायदा १९३४ चा, पेट्रोलियम कायदा. त्याखालचे पेट्रोलियम नियम २००२ चे. पंपाला परवाना देणारी संस्था, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, हिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याआधी जिल्हा प्राधिकाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पोलीस आयुक्तालय आहे, तिथं ते काम आयुक्तालयाकडे. जिथं आयुक्तालय नाही तिथं जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरकडे. हे नियम मुख्यतः आगीच्या भीतीनं केलेले आहेत. स्फोट होऊ नये, माणूस जळू नये, हे त्यांचं पहिलं काम, आणि ते बरोबरच आहे. पण आग दिसते, गळती दिसत नाही.

पर्यावरणाच्या बाजूनं नियम उशिरा आले. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, दहा खाटांचं किंवा त्याहून मोठं रुग्णालय आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटरवर हवा. अगदीच अडचण असेल तर जादा सुरक्षा करून ३० मीटर, त्याच्या आत नाही. टाकीच्या गळतीचा आणि भूजलाचा विचारही त्या सूचनांत आहे. चांगली गोष्ट आहे. पण दोन ठिकाणी माझं बोट अडतं.

पहिलं असं की त्या सूचना नवीन पंप उभारण्यासाठी आहेत. जी टाकी वीस-तीस वर्षांपूर्वी पुरली, ती अमुक तारखेपर्यंत सुधारा, नाहीतर काढा, अशी सरसकट तारीख त्यांत नाही.

दुसरं, जुन्या पंपांवर बंधन घातलं ते वाफेचं. टाकी भरताना आणि गाडीत पेट्रोल घालताना जी वाफ उडते, ती परत पकडणारी यंत्रणा बसवायची. व्हेपर रिकव्हरी म्हणतात तिला. ती कोणाला सक्तीची? दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरात महिन्याला १०० किलोलिटर, म्हणजे एक लाख लिटरपेक्षा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपाला. एक ते दहा लाख वस्तीच्या शहरात ३०० किलोलिटरच्या वर विकणाऱ्याला. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर, कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर. दोन्ही शहरं पहिल्या वर्गात बसतात. आपलं तालुक्याचं गाव कुठल्याच वर्गात बसत नाही. वाफेपुरता हा हिशेब मला मान्य आहे. दाटीच्या शहरात वाफ जास्त माणसांच्या छातीत जाते. तरी अंमल कसा झाला तो बघा. वेळेत यंत्रणा बसवली नाही म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात मंडळानं इंडियन ऑइलला १ कोटी आणि भारत पेट्रोलियमला २ कोटी रुपये भरायला सांगितले. डोळ्यासमोरच्या शहरांत ही गत, तर आडरस्त्याच्या टाकीकडे कोण बघतो?

पण गळतीला हा लोकवस्तीचा हिशेब लावला तर तो उलटा पडतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला पाणी मुख्यतः उल्हास, भातसा आणि बारवीचं, शुद्ध करून नळानं येतं. पंपाखालची जमीन नासली तरी बहुतेकांच्या घागरीत ते येत नाही. आपल्याकडे पंपाशेजारच्या शेतातल्या विहिरीचं पाणी तेच घर पितं, तेच जनावर पितं. त्यांची घागर फुटली तर दुसरी आहे, आपली एकच आहे. म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : जमिनीतल्या टाकीचा नियम शहराच्या डोक्यांवर ठरू नये, विहिरीच्या अंतरावर ठरावा, आणि जुनी टाकी बदलायची तारीख त्यात लिहिलेली असावी.

हे अशक्य नाही. अमेरिकेनं १९८८ मध्ये असा नियम केला. जुन्या टाकीवाल्यांना दहा वर्षं दिली. २२ डिसेंबर १९९८ पर्यंत टाकी सुधारा, बदला, नाहीतर बंद करा. गळलेली जमीन साफ करायला इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर लावून निधी केला. आजवर तिथं पाच लाखांवर टाक्या गळालेल्या सापडल्या. आधी शोधायचं ठरवलं म्हणून सापडल्या. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पेट्रोलमधलं एक रसायन उतरल्यामुळं पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. श्रीमंत शहर, त्यानं बाहेरून पाणी विकत घेतलं. आपण कुठून घेणार?

कोणी म्हणेल, नुकसान झालं तर कोर्ट आहे. आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. नुकसान करणाऱ्यानंच भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये दिला. पैसे न देता खटला लांबवत राहिलेल्या कंपनीला त्याच न्यायालयानं २०११ मध्ये चक्रवाढ व्याज लावलं. निकाल आपल्या बाजूचा, पण पंधरा वर्षांत पोर बाप होतो. विहीर नासल्यावर जिंकण्यापेक्षा न नासणं बरं.

मी नवं इन्स्पेक्टर राज मागत नाही. शिक्के वाढले की हप्ते वाढतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मागायचं ते मोजमाप. आणि खर्च छोट्या पंपवाल्याच्या डोक्यावर नको. बहुतेक ठिकाणी टाकी आणि यंत्र कंपनीचं असतं, जागा आणि माणूस आपला असतो. ज्याची टाकी त्याचा खर्च.

तर या बैठकीनं चार गोष्टी ठरवाव्यात. एक, पंपाला जागा देणाऱ्यानं करारात लिहून घ्यावं की टाकी गळाली तर शेजारच्या विहिरींची भरपाई कंपनी देईल, आणि मुदत संपली की टाकी उपसून जमीन तपासून परत करील. दोन, टाकी पुरण्याआधी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासून कागद जपून ठेवावा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराईड बघतात; तेलाची आणि बेंझिनची तपासणी वेगळी मागावी लागते. आधीचा कागद नसेल तर पुढं सिद्ध काय करणार? तीन, ना-हरकत देण्याआधी जवळच्या विहिरींची नोंद घ्यावी, असा ठराव ग्रामसभांनी करून कलेक्टरकडे पाठवावा. चार, जुन्या टाक्यांची वयं आणि चाचण्यांच्या तारखा पंपावर फलकानं लावाव्यात, ही मागणी नागपूरच्या कार्यालयाकडे जिल्ह्यातर्फे जावी.

आणि एक काम आजच्या आज. आपल्यातल्या कित्येकांचं डिझेलचं पिंप विहिरीच्या काठावर, इंजिनाशेजारी उभं असतं. घरी गेल्यावर ते आधी उचला आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. कंपनीला जाब विचारायला जाणाऱ्याचा स्वतःचा काठ कोरडा असला पाहिजे.

ठराव वाचून दाखवतो, हात वर करून मत द्या.