आव्यातील मडके

सरकारी नोकरीत वीस वर्षे घालविलेल्या माणसाला एक खोड जडते. प्रत्येक कामाचा मासिक अहवाल असावा, त्यात मागील महिन्यापेक्षा काही वाढ दिसावी, आणि ती दिसत नसेल तर काम झालेच नाही असे समजावे, ही ती खोड होय. ती मी कचेरीतून घरी आणली आणि, सांगावयास संकोच वाटतो, देवघरातही नेली. माझा स्वभाव तापट. तो निवळावा म्हणून मी रोज पहाटे नामस्मरणास बसू लागलो आणि दिवसातून किती वेळा राग आला, हे रात्री एका वहीत टिपू लागलो. तीन वर्षांनी वही चाळली, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या महिन्याच्या आकड्यांत काडीचाही फरक नव्हता. त्याच सुमारास हाताखालच्या एका वयस्क कारकुनांना मी चारचौघांत असे काही बोललो, की त्यांचे डोळे भरून आले. त्या रात्री मी वही फाडली. पहाटेची बैठकही सोडावी, असे मनाने घेतले.

त्या दिवसांत मला नामदेवांची कथा आठवली. श्रोतेहो, ती आपल्या परिचयाची आहे. संतमंडळी जमली असता गोरोबाकाका थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोणते मडके भाजले, कोणते कच्चे, हे पाहू लागले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर भेटले आणि नामदेवांची दृष्टी उघडली. कथा येथे थांबते, म्हणून आपणास वाटते, की हा पालट एका दिवसाचा. परंतु परंपरेने दिलेले सन पाहा. नामदेवांचा जन्म १२७० चा. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यानंतर ५४ वर्षे ते जगले, उत्तरेत हिंडले, पंजाबात घुमानला राहिले. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे आली. हे मडके दिवसानुदिवस कसे भाजत गेले, याची वही मात्र कोणी ठेविली नाही.

कुंभाराचा आवा पाहिला, म्हणजे याचे मर्म कळते. मडक्यांभोवती गोवऱ्या आणि लाकडे रचून, वरून पाचट व राख घालून कुंभार विस्तव देतो. मग आत काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही. उष्णता सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत चढली, की मातीच्या कणांशी एकजीव झालेले पाणी निघून जाते. त्यापूर्वी विस्तव विझला, तर त्या मडक्याचा पावसात पुन्हा चिखल होतो. ती सीमा ओलांडल्यावर मात्र होत नाही. केवढे हे स्थित्यंतर, पण त्याचा आवाज होत नाही! आणि अधीरपणे कोणी मध्येच आवा उकलला, तर गार वाऱ्याने मडकी तडकतात. जळण कमी पडू न देणे एवढेच कुंभाराच्या हाती असते. आणि तेवढे त्याने केलेच पाहिजे. श्रद्धा म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे.

माझी वही म्हणजे रोज आवा उकलून पाहणे होते. मी त्या कारकुनांची क्षमा मागितली आणि पहाटेची बैठक पुन्हा सुरू केली. वही मात्र घेतली नाही. पुढे काही वर्षांनी ते सेवानिवृत्त झाले. निरोप घेताना ते म्हणाले, “साहेब, अलीकडे आपल्या खोलीत येताना भीती वाटत नसे.” हे केव्हा घडले, ते मला ठाऊक नव्हते. राग मला आजही येतो. मडके पक्के झाले, असे मी म्हणणार नाही. परंतु थापटणे आपल्या हाती नसते, आणि ते नसते हेच बरे, एवढे मला त्या दिवशी उमगले. आपण जळण घालीत राहावे.