परजनुकी उंदीर आणि स्वकीयांची ओळख

शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी परक्यावर तुटून पडतात. मग त्या स्वतःच्या शरीरावर का उलटत नाहीत? कधी कधी उलटतातही. बालवयातील मधुमेहात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा संहार बहुधा रोग्याच्याच टी-पेशी करीत असतात.

या टी-पेशी घडतात त्या उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये. प्रतिकारशक्तीच्या जडणघडणीतील तिचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. परंतु प्रत्येक टी-पेशी जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जुळवून आपला ग्राही तयार करते. त्या अफाट गर्दीत एका विशिष्ट पेशीचे पुढे काय होते, हे पाहावे कसे?

बाझेल येथील हाराल्ड फोन ब्योमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्दीच एकजात करून टाकली. नराच्या पेशींवर असणारे एच-वाय हे प्रतिजन ओळखणाऱ्या एका टी-पेशीच्या ग्राहीची अल्फा आणि बीटा ही दोन्ही जनुके त्यांनी उंदराच्या फलित अंड्यांत घातली. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मादीत एच-वाय नसते. तिच्या ठायी या पेशी सीडी८ वर्गात पक्व झाल्या, मात्र तिच्या ऊतींवर योग्य ते ओळख-प्रथिन असेल तरच. नराची ग्रंथी खुरटलेली आढळली. सीडी४ व सीडी८ ही दोन्ही चिन्हे बाळगणाऱ्या अपक्व पेशी तीत फारच थोड्या उरल्या होत्या. घातक ठरू शकणारी पेशी जाणती होण्यापूर्वीच नष्ट केली जाते, ती अशी.

तथापि या सुंदर प्रयोगात एक उणीव होती, आणि ती काळवेळेची होती. निसर्गतः बीटा साखळी आधी प्रकट होते व अल्फा पुष्कळ नंतर, पेशीवर दोन्ही चिन्हे उमटल्यावर. बाहेरून घातलेले अल्फा-जनुक मात्र चिन्हे उमटण्याआधीच जागे होत असे. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली हे जनुक योग्य टप्प्यावरच प्रकट होईल असे उंदीर तयार केले. त्यांच्या नरांतही घातक पेशींचा नाश झालाच, पण उशिरा, पेशी पक्वतेकडे वळत असताना. जुन्या उंदरांच्या आतड्यात जो एका विशिष्ट जातीच्या टी-पेशींचा सुकाळ दिसे, आणि ज्यावरून त्या पेशींच्या उगमाचे अनुमान बांधले जात असे, तोही या उंदरांत आढळला नाही.