ओल्या पानांची बाधा



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धोक्याच्या कामांतील मजुरांच्या सुरक्षिततेवर मी बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. धोक्याचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खाण किंवा कारखाना उभा राहतो. मी मात्र आपणांस म्हैसूर जिल्ह्यातीलच बेट्टदपुरच्या शेतांत नेणार आहे.

तेथील डोंगरावरील सिडिलु मल्लिकार्जुनाचे दर्शन आपणांपैकी अनेकांनी घेतले असेल. त्या डोंगराच्या परिसरात, पिरियापट्टण तालुक्यात, व्हर्जिनिया तंबाखूचे पीक मोठे. लावणी मे महिन्याच्या सुमारास, तर पानांची खुडणी ऐन पावसाळ्यात होते.

काही वर्षांपूर्वी आषाढातील एका सकाळी मी तेथील एका बांधावर उभा होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. खुडलेली पाने काखेत धरून चालणाऱ्या स्त्रियांची लुगडी ओलीचिंब झाली होती. त्यांतील एक तरुण स्त्री एकाएकी खाली बसली आणि तिला वांत्या होऊ लागल्या. "पित्त झाले असेल," असे बरोबरीच्या स्त्रिया म्हणाल्या. दुपारी ती पुन्हा कामावर हजर झाली.

ते पित्त नसावे. तंबाखूच्या हिरव्या पानांतील निकोटीन दवात आणि पावसाच्या पाण्यात उतरते व कातडीवाटे अंगात शिरते. मळमळ, वांत्या, घेरी, डोकेदुखी ही त्याची लक्षणे. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये १९७० साली या विकाराची नोंद झाली. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने गुजरातेतील तंबाखू-मजुरांत त्याचा अभ्यास केला.

खुडणीनंतर पाने काठ्यांना बांधून भट्टीघरात टांगतात. काठ्या चढविणारा मजूर आडव्या वाशांवर उंच उभा असतो. पाय घसरला तर आधार नाही. पुढे काही दिवस रात्रंदिवस जाळ राखावा लागतो. वरून गळलेले वाळके पान तापलेल्या नळावर पडले तर सारे भट्टीघर पेटू शकते. म्हणून नळांवर तारेची जाळी हवी.

निपाणीकडील मंडळींना तंबाखूची वखार ठाऊक आहे. तेथील स्त्री-कामगारांनी १९८० च्या सुमारास संघटित होऊन आपली गाऱ्हाणी वेशीवर टांगली. वखारीतील धूळ निदान डोळ्यांना दिसते. ओल्या पानांतील विष दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही.

उपाय साधे आहेत. पाने सुकल्यावर खुडणी करावी. पाणी न शिरणारे हातमोजे आणि अंगावर प्लॅस्टिकचे आवरण द्यावे. ओले कपडे लगेच बदलावेत, साबणाने अंग धुवावे. मुलांना व गरोदर स्त्रियांना या कामावर मुळीच लावू नये. वांत्या सुरू झाल्या तर काम थांबवून डॉक्टरांकडे न्यावे.

तथापि पाने सुकेपर्यंत थांबायचे म्हणजे सकाळचे दोन तास जातात. त्या दोन तासांची मजुरी कोणी सोसायची? खरा प्रश्न येथेच आहे. पान पिकून गेले तर शेतकऱ्याचे नुकसान होते हे मी जाणतो. परंतु ते टाळण्याची किंमत हातावर पोट असलेल्या स्त्रीने आपल्या शरीराने मोजावी, हा न्याय नव्हे. ती किंमत पानाच्या भावातच धरली गेली पाहिजे.

या भूमीने आपणांस अन्न आणि आसरा दिला. आपणांपैकी कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी अधिकारी आहेत. येत्या पावसाळ्यात मंडळाने कन्नड बांधवांच्या साह्याने बेट्टदपुरात एक आरोग्यशिबिर भरवावे आणि "हे पित्त नव्हे" एवढे तरी त्या भगिनींना त्यांच्या भाषेत सांगावे, ही माझी विनंती आहे.